लेक, लेक फोर्क आणि रबरी गांडुळं

6 जानेवारी 2024, शनिवार

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेला सुट्टी आहे. त्या सुट्टीत लेक फोर्क या तळ्यावर जाऊन बास (गोड्या पाण्यातला मासा) गरवायचा, असं आज जेवताना ठरलं. ठरलं म्हणजे लेकीने ठरवलं. आम्ही राहतो टेक्सासातल्या प्लानोत. तिथून पूर्वेला साधारण दीड तासाची वाट.

हाताशी दोन महिने आहेत. आत्ता घरात सुपरमार्केटातून आणलेली रॉड-रिळाची एकच जोडी आहे. तिला बुच आणि खरं गांडूळ लावून मागच्या तळ्यावर आम्ही तळहाताएवढे सनफिश काढतो. बाससाठी ते पुरणार नाही. दोन संच हवेत, एक तिचा आणि एक माझा. सगळं मिळून 300 डॉलर, त्यावर एक सेंट नाही, ही घरातल्या अर्थखात्याची अट. ‘बास म्हणजे बास,’ असा विनोदही त्या खात्याकडून झाला, आणि पुढचे दोन महिने तो रोज होणार हे मला कळून चुकलं.

लेक फोर्कच का? हे तळं मुळात धरण आहे. लेक फोर्क नावाच्या ओढ्यावर बांध घालून 1980 मध्ये पाणी अडवलं. पसारा सत्तावीस हजार एकरांहून जास्त. कितीतरी झाडं न तोडता तशीच बुडवली, त्यामुळे पाण्यातून अजून वाळके बुंधे वर आलेले दिसतात. पाणी भरण्याआधीच तिथल्या लहान तळ्यांत फ्लोरिडा जातीचा बास सोडला होता. टेक्सास राज्याचा लार्जमाउथ बासचा विक्रम इथलाच: 24 जानेवारी 1992, 18.18 पौंड. किलोत सव्वाआठ. तेरा पौंडांच्या वरचा बास जिवंत आणून दिला तर राज्याचं मत्स्यखातं त्याच्यापासून पैदास करतं, ही योजना 1986 पासून चालू आहे. आम्हाला तेरा पौंडांचा नको. तीनचा मिळाला तरी घरी जेवणावर महिनाभर चर्चा होईल.

कामाची पद्धत अशी ठरवली आहे. दुकानात शिरलं की माणूस आधी रॉड उचलतो, हवेत दोनदा हलवतो, आणि मग त्या रॉडला शोभेल असं बाकीचं घेत सुटतो. मी उलट्या टोकाने जाणार. आमिष कोणतं आणि ते भरतं किती, हे आधी. मग ते वाहून नेणारी लाइन, म्हणजे गळाचा दोरा, मग रीळ, आणि सर्वात शेवटी रॉड.

7 जानेवारी, रविवार

आमिष: मऊ प्लास्टिकची गांडुळं. लोखंडी तिकोनी गळांची चकचकीत आमिषं अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायची नाहीत, हे एक कारण. दुसरं म्हणजे बुडालेल्या झाडांत उघडा गळ प्रत्येक फेकीला अडकणार. मऊ प्लास्टिकमध्ये गळाचं टोक लपवता येतं.

या रबरी गांडुळाची (लोक रबर म्हणतात, असतं ते मऊ केलेलं पीव्हीसी) गोष्ट मला आवडते. ओहायोतल्या अॅक्रनमध्ये निक क्रीम नावाचा यंत्रकामगार होता. त्याने बायकोसोबत घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून 1949 मध्ये प्लास्टिकचं गांडूळ साच्यातून काढलं. पुढे त्याचा कारखाना टेक्सासातल्या टायलरला आला. टायलर लेक फोर्कपासून तासाभरावर. वजन, गळ आणि गळाचं टोक आत लपवलेलं गांडूळ या जोडणीला जे टेक्सास रिग म्हणतात, ते नाव याच मुलखाचं.

दुसरं आमिष सेन्को. गॅरी यामामोतोने नव्वदच्या दशकात आणलेली नुसती कांडी. शेपूट नाही, पाय नाहीत, पाहिलं तर हसू येतं. पण पोटात मीठ भरलेलं असतं, त्याने ती जड होते आणि वजन न लावताही बुडते. बुडताना आडवी राहते आणि दोन्ही टोकं थरथरतात. मधोमध गळ टोचून सोडली की झालं. याला वॅकी रिग म्हणतात. लेकीसाठी हेच. मीठ भरलेलं प्लास्टिक लवकर फाटतं, म्हणून मधे एक रबरी कडं चढवून गळ त्या कड्याखालून घालायचा. पाकीट दुप्पट चालतं.

रंगांच्या बाबतीत मात्र दुकानाची यादी वाचून मंडईत आल्यासारखं वाटलं. कलिंगड, हिरवा भोपळा, जांभळट किडा, काळा-निळा, शिवाय मोटर ऑइल. चाळीसेक छटा. मी दोनच घेतल्या. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर हिरवा भोपळा, गढूळ असेल तर काळा-निळा. बाकीचे अडतीस रंग माशांपेक्षा माणसांना पकडण्यासाठी आहेत असं माझं मत आहे.

मग पोह्यांचा काटा काढला. पाच इंची कांडी साडेनऊ ते दहा ग्रॅम भरली, म्हणजे औंसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. टेक्सास रिगचं पाव औंसाचं वजन सात ग्रॅम, त्यावर पाय-मिशांचं जाडजूड प्लास्टिक दहा, गळ दीड. बेरीज साडेअठरा! इतके दिवस मी ‘पाव औंसाची रिग’ म्हणत होतो आणि प्रत्यक्षात ती औंसाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास निघाली. रॉडवर छापलेली आमिषाची मर्यादा गळ-वजन-प्लास्टिक सगळं धरून असते. मागच्या वर्षी एका मित्राचा रॉड उधार घेऊन फेकत होतो तेव्हा तो शेवग्याच्या शेंगेसारखा लोंबत का होता, ते आज कळलं.

15 जानेवारी, सोमवार

मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी. बाहेर पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली, नळ फुटू नयेत म्हणून थेंब थेंब चालू ठेवले आहेत. मामाला फोन केला. मामा सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीत आयुष्यभर गरवत आला आहे. गरी म्हणजे गळ, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि बोट, एवढीच त्याची सामग्री. माझं सगळं वर्णन ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘रबराचो गांडूळ? आणि मासो तो खाता? खुळे आसत तुमचे मासे.’

मग बराच वेळ तांबोशी या खाडीतल्या माशाबद्दल बोलला. तांबोशी आमिष घेते ती बहुतेक वेळा ते खाली पडत असताना. तळाला टेकलं की ती विचार करायला लागते. म्हणून पडताना तंगूस ढिला सोडायचा, पण बोट त्याच्यावरून काढायचं नाही. इथे बासबद्दल वाचतो त्यातही हेच असतं: आमिष पाण्यात पडल्यापासून तळाला जाईपर्यंत लाइनकडे बघा, ती उडी मारते किंवा बाजूला सरकते. फरक इतकाच की ते समजून घ्यायला मामाला दोनशे डॉलरचा ग्राफाइटचा रॉड लागला नाही.

20 जानेवारी, शनिवार

शिस्त मोडली. उलट्या टोकाने जायचं लिहून दोन आठवडे होतात न होतात तोच आज दुकानात गेलो आणि रॉड घेऊन आलो. सवलत होती.

तरी निवड विचार करून केली. रॉडवर दोन शब्द पाहायचे असतात, पॉवर आणि ॲक्शन, आणि माणसं त्यांची नेहमी गल्लत करतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे कुठे वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. स्लो असेल तर मुठीपर्यंत कमान होते. टेक्सास रिगमध्ये गळाचं टोक आधी प्लास्टिकातून बाहेर यायचं आणि मग बासच्या हाडाळ जबड्यात रुतायचं, आणि त्यानंतर मासा झाडात शिरायच्या आत त्याला बाहेर खेचायचा. हे काम लेच्यापेच्या काठीचं नाही. म्हणून माझा मीडियम-हेवी, फास्ट, सात फुटी, आमिष पाव ते एक औंस, लाइन 12 ते 20 पौंड ताण सोसणारी. माझे साडेअठरा ग्रॅम त्या मर्यादेच्या बरोबर मधे बसतात.

लेकीचा मीडियम, फास्ट, सहा फूट आठ इंच, स्पिनिंगचा. तिच्या वॅकी रिगचा गळ बारीक आणि उघडा, तो रुतायला मनगटाचा झटका पुरतो. शिवाय जड काठीला दहा ग्रॅम वजनाची कांडी जाणवतच नाही, काठी वाकली नाही तर फेक जात नाही.

दुकानात एक गोष्ट करून पाहिली. रॉडला रीळ लावून, पहिल्या बोटावर तोल धरून, डोळे मिटले आणि लेकीला टोकाला हळूच टिचकी मारायला सांगितलं. साठ डॉलरच्या रॉडमध्ये टिचकी हातात स्पष्ट आली. दोनशेच्या रॉडमध्ये अजून स्पष्ट. पण साठच्यात आली, तेवढं पुरे. लाइन ओवायच्या कड्या बघितल्या, आतल्या वर्तुळात कुठे टवका नाही ना, कापूस फिरवून. बुचाच्या मुठीत भोकं लिंपलेली होती, या किमतीत असणारच.

रात्री साडेनऊ: दिवाणखान्यात जोडणी दाखवत होतो. हीटरची ऊब खाली यावी म्हणून छताचा पंखा उलटा फिरत होता. माझा रॉड सात फुटी, माझा हात वर. कट् असा आवाज आला. टोकापासून दोन फुटांवर.

21 जानेवारी, रविवार

घरात कोणी काही बोलत नाही आहे. हे बोलण्यापेक्षा वाईट.

टोकाची दोन-चार इंचं गेली असती तर नवी टोककडी गरम डिंकाने बसवून काम भागलं असतं. काठी थोडी आखूड आणि कडक झाली असती, बस. दोन फूट गेल्यावर काही उरत नाही. ग्राफाइट लांबीच्या दिशेने प्रचंड मजबूत, पण आडवा घाव बसला की तंतू तुटतात. वॉरंटीत पंख्याचा उल्लेख नाही, मी वाचून पाहिलं. उरलेला पाच फुटांचा बुंधा दाराआड उभा करून ठेवला आहे. टाकवत नाही.

60 डॉलर गेले. तोच रॉड पुन्हा घेतला, सवलत आजपर्यंतच होती. म्हणजे रॉडांवर 175 झाले आणि उरले 125, त्यात दोन रिळं, लाइन, गळ आणि गांडुळं. नवा रॉड घरात आणताना शेपटीकडून आणला, टोक मागे. हा नियम आता घराचा आहे: दारातून, गाडीतून, झाडीतून जाताना टोक मागे.

27 जानेवारी, शनिवार

रिळं. पैसे कमी उरल्याने निर्णय सोपे झाले.

लेकीचं 2500 आकाराचं स्पिनिंग, म्हणजे फेकताना ज्याची फिरकी फिरत नाही असं. या आकाराला पर्याय शोधण्यात अर्थ नाही, तिच्या रॉडवर तोल बसतो आणि हँडल हवं त्या बाजूला लावता येतं.

माझं बेटकास्टिंग, यात फेकताना फिरकीही फिरते. इथे घोळ होता होता वाचला. बेटकास्टिंगचं हँडल बदलता येत नाही, डावं किंवा उजवं आधीच ठरवून घ्यायचं. अमेरिकेत जुनी रीत उजव्या हँडलची: उजव्या हाताने फेकायचं, मग रॉड डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्याने गुंडाळायचं. मी ऑर्डरचं बटण दाबणार इतक्यात लेकीने विचारलं, ‘बाबा, फेकल्यावर हात बदलताना आमिष पडत असेल ना?’ बरोबर तेच. मामा जे सांगत होता तो क्षण हात बदलण्यातच जाईल. डाव्या हँडलचं मागवलं.

गिअर रेशो 7.1. हँडल एकदा फिरवलं की स्पूल (लाइनची फिरकी) सात वेळा फिरतं. टेक्सास रिगमध्ये आमिष हलवायचं ते रॉडने, रीळ फक्त ढील गोळा करतं, आणि मासा आपल्याकडे पोहत आला तर ती ढील झटकन गोळा व्हावी लागते. म्हणून वेगवान बरं. सहाच्या आतलं रीळ खोल जाणाऱ्या, ओढून चालवायच्या आमिषांसाठी चांगलं. ते आमचं काम नाही.

बेअरिंगांची संख्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापतात. दहा हलक्यांपेक्षा चार चांगली बरी. मी फक्त हँडल पुढे-मागे हलवून खेळ किती आहे ते पाहिलं, आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन सोडणारी योजना, गुळगुळीत सुटतो का, की आचके देतो.

3 फेब्रुवारी, शनिवार

लाइन भरली.

माझ्या रिळावर 15 पौंडी फ्लोरोकार्बन. ही पाण्यात बुडते, आणि झाडाच्या खोडावर घासली तरी टिकते. प्रकाश वाकवण्याचा तिचा गुण पाण्याच्या जवळचा, म्हणून ती कमी दिसते. पण महाग. पूर्ण स्पूल भरायचं तर एका पाकिटाचे पैसे नुसते तळाला बसतात, म्हणून खाली जुना नायलॉन तंगूस भरला आणि वर शंभरेक यार्ड फ्लोरो.

लेकीच्या रिळावर 20 पौंडी ब्रेडेड, पुढे दहा पौंडी फ्लोरोकार्बनचा सहा-सात फुटांचा तुकडा. ब्रेडेड म्हणजे बारीक धाग्यांची वेणी, ताण जवळजवळ शून्य, तरंगते, आणि पिवळी घेतली म्हणजे पडताना दिसते. पाण्यातला भाग मात्र फ्लोरोचा. दोन्हींना जोडणारी दुहेरी युनी गाठ मी सात वेळा बांधली, लेकीने दोनदा. तिची सुबक आहे. तिच्या बोटांना गजऱ्याची सवय आहे, माझ्या बोटांना कीबोर्डाची.

10 फेब्रुवारी, शनिवार

परसात गवतावर फेकण्याचा सराव. गळाऐवजी रबरी लोळी बांधली, अर्ध्या औंसाची.

लेक दहा मिनिटांत कुंपणापर्यंत फेकायला लागली. स्पिनिंगचं तसंच असतं, स्पूल फिरत नाही, लाइन नुसती वेटोळी सोडत जाते. मी तिला एकच सांगितलं: फेक पडली की वरची तार हाताने बंद कर, हँडल फिरवून नको, आणि लाइन एकदा ताणून घे. नाहीतर पीळ साठत जातो आणि एक दिवस रिळातून घरटं बाहेर येतं.

घरटं माझ्याच रिळातून आलं. पहिल्याच फेकीला. बेटकास्टिंगमध्ये स्पूल स्वतः गरगर फिरतं. आमिष हवेत मंदावलं की लाइन बाहेर जायचा वेग कमी होतो, स्पूलला त्याचा पत्ता नसतो, ते आपलं फिरतच राहतं. जास्तीची लाइन उसळते आणि गुंता होतो. लेक म्हणाली, ‘बाबा, तू काथ्याचं दुकान काढलंस का?’ काथ्या हा शब्द तिला ठाऊक असावा याचा मला गुंता सोडवतानाही अभिमान वाटला.

तासाभराने जमलेली मांडणी इथे लिहून ठेवतो, नंतर आठवणार नाही. बाजूची गोल कळ इतकी आवळायची की अंगठा उचलला तर लोळी सावकाश खाली जाते आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबतं. ब्रेक सुरुवातीला पूर्ण. दहा सलग फेकी गुंत्याशिवाय गेल्या की एक खूण कमी. वाऱ्याविरुद्ध फेकायचं असेल तर परत दोन खुणा वर. आणि लोळी जमिनीला लागायच्या आत अंगठा स्पूलवर, काही झालं तरी. गुंता झालाच तर आधी ओढाताण नको: अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून हँडल दोन-तीन वळसे फिरवायचं, मग लाइन सावकाश ओढायची. निम्मे गुंते याने सुटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी कात्री.

18 फेब्रुवारी, रविवार

आज डबा उघडला तर एका कप्प्यात चिकट, हिरवट-काळा लगदा. वास गॅरेजचा.

कारण माझंच. तळ्यावर छोट्या आमिषांसाठी म्हणून झी-मॅन कंपनीच्या ताणल्या जाणाऱ्या, तरंगणाऱ्या प्लास्टिकचं एक पाकीट घेतलं होतं. डबा नीटनेटका दिसावा म्हणून सगळी गांडुळं पाकिटातून काढून रंगाप्रमाणे लावली. ते प्लास्टिक वेगळ्या जातीचं, पीव्हीसी नव्हे. पीव्हीसी मऊ ठेवणारं तेल त्याला लागलं की दोघंही विरघळतात. डब्याच्या तळालाही खड्डे पडले आहेत. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

आता प्रत्येक जात आपल्या मूळ पाकिटात. पाकिटातली गांडुळं सरळ पडू द्यायची, दुमडलेली राहिली तर वाकडीच राहतात आणि पाण्यात गरगर फिरतात. उन्हाळ्यात गाडीत ठेवायची नाहीत. टेक्सासचं ऊन ऑगस्टमध्ये काय करील ते सांगायला नको.

24 फेब्रुवारी, शनिवार

मागच्या तळ्यावर पहिली खरी चाचणी. गार वारा. दोन तासांत तीन गोष्टी झाल्या.

एक: माझ्या गळाला काहीतरी लागलं, मी जोरात ओढलं, आणि गाठीपाशी लाइन तुटली. तुटलेलं टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं. म्हणजे गाठ नीट आवळली गेली नव्हती. फ्लोरोकार्बनची गाठ थुंकी लावून, सावकाश आवळायची, हे मला पाठ आहे. थंडीत घाई झाली.

दोन: लेकीला सुमारे एक पौंडाचा बास लागला. पहिला! तोंड उघडलं की मूठ जाईल. नावात बास असला तरी हा सनफिशच्याच कुळातला, आम्ही इतके दिवस याच्या चुलतभावंडांना काढत होतो.

तीन: तो बास ओढताना तिचं रीळ फसलं. ड्रॅग पूर्ण आवळला तरी लाइन बाहेर जात होती. स्पूल हलत नव्हतं, पण लाइन सुटत होती! मासा आल्यावर उकललं. ब्रेडेड लाइन गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या स्पूलला पकडतच नाही, सगळी गुंडाळीच्या गुंडाळी आतल्या आत फिरत होती. माझ्या रिळावर पैसे वाचवायला खाली नायलॉन घातला होता, म्हणून ते वाचलं. तिच्या रिळावर ‘चांगली’ लाइन थेट स्पूलला बांधली. रात्री सगळी लाइन काढून खाली नायलॉनचे दहा-बारा वेढे घातले, वर परत ब्रेडेड.

2 मार्च, शनिवार

शेवटची खरेदी. शिशाऐवजी टंगस्टनची दोन वजनं, पाव औंसाची. टंगस्टन शिशापेक्षा खूप दाट, म्हणून तेवढ्याच वजनाला आकार लहान, आणि कडक असल्याने दगडाला लागलं की टक् असं हातात येतं. शिसं नुसतं टेकतं. पण किंमत अशी की झाडात अडकलं की माणूस पाण्यात उतरायचा विचार करतो. दोनच घेतली. बाकीची शिशाचीच.

टेक्सास रिगला 3/0 मापाचा रुंद कमानीचा गळ, वॅकीला 1/0. माझा वर्षाचा गोड्या पाण्याचा परवाना 30 डॉलरचा, तो बजेटबाहेर. लेक सतरा वर्षांच्या आतली, तिला परवाना लागत नाही.

हिशेब: 306 डॉलर. सहा डॉलर लेकीने खाऊच्या पैशातून दिले आणि पावती मागितली.

12 मार्च, मंगळवार

लेक फोर्क. गाइड आणि बोट घ्यायची तर एका दिवसाचं भाडं आमच्या दोन्ही संचांहून जास्त, म्हणून काठावरून. काठावर मोकळी जागा थोडीच आहे, बरीचशी खासगी. सकाळी सातला एका धक्क्याशेजारी जागा मिळाली. स्वयंपाकघरातला थर्मामीटर दोरीला बांधून सोडला: पाणी 62 अंश फॅरनहाइट. म्हणजे विणीच्या आसपासचं, मासे काठाजवळ यायला हवेत.

आले होते की नाही देव जाणे. साडेनऊपर्यंत मी झाडांत चार वजनं घालवली. त्यात एक टंगस्टन. गवतात जाताना वजन पुढे घसरतं आणि गांडूळ मागे राहतं, म्हणून मी वजनामागे रबरी खुंटी लावली होती. मोकळ्या पाण्यात तीच खुंटी काढून टाकायला विसरलो. वजन सुटं असलं की मासा गांडूळ उचलतो तेव्हा त्याला वजन लगेच जाणवत नाही. काढली, आणि दोन टिचक्या आल्या. दोन्ही वेळा मी ताबडतोब ओढलं. दोन्ही वेळा रिकामं गांडूळ.

लेक माझ्यापासून वीस पावलांवर लव्हाळ्याच्या कडेला कांडी टाकत होती. तिची पद्धत माझ्यापेक्षा सोपी: फेकायचं, काही करायचं नाही, पिवळ्या लाइनकडे बघत बसायचं. दहा वाजून काही मिनिटं झाली असतील. कांडी पडतच होती, आणि लाइन डावीकडे चालायला लागली, धक्का नाही, ओढ नाही, नुसती चालायला लागली. ती ओरडली नाही. ढील गोळा केली, मग मनगट वर. रॉड वरच्या हिश्शात वाकला आणि तिथेच थांबला, खालचा भाग तिच्या कोपराला टेकून. ड्रॅगने तीनदा लाइन दिली. मी मधे हात घालणार होतो, तिने बघितलं, मी हात मागे घेतला.

सतरा इंच. वजन पोह्यांच्या काट्यावर मावलं नसतं.

आणि सोडला. लेक फोर्कचा नियम असा की 16 ते 24 इंचांमधला बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. चोवीसच्या वरचा दिवसाला एकच. सोळाच्या आतले खायला नेता येतात. मधले सोडले जातात म्हणूनच तर ते पुढे मोठे होतात. तिने खालच्या जबड्याला धरून, दुसरा हात पोटाखाली घालून त्याला पाण्यात क्षणभर धरलं. मग तो गेला.

परतीच्या वाटेवर मामाला फोन लावला. ‘सतरा इंचाचो मासो सोडून इलंस?’ मी नियम सांगितला. बराच वेळ काही आवाज नाही. मग: ‘मगे गेलंस कित्याक?’ लेकीने फोन ओढून घेतला आणि त्याला पिवळ्या लाइनचं सगळं सविस्तर सांगितलं. त्याने एकच विचारलं, पडताना घेतला ना? हो म्हणाली. फोनच्या दुसऱ्या टोकाला तो खूश झाला असावा, कारण पुढच्या वेळी येताना त्या कांड्यांचं एक पाकीट घेऊन या म्हणाला. खाडीत जिताड्यासाठी लावून बघणार आहे. खुळे मासे दोन्हीकडे असतात, इति मामा.

16 मार्च, शनिवार

देखभाल. दोन्ही रॉडांच्या कड्या कापसाने तपासल्या. लेकीच्या पुढच्या तुकड्यावर शेवटच्या दोन फुटांत खरखरीत घासलेलं लागलं, तेवढं कापून नवी गाठ. तिचा ड्रॅग सैल करून ठेवला, आवळलेलाच ठेवला तर आतल्या चकत्या चपट्या होतात.

पुढच्या वेळी बदल: माझ्याकडे पाव औंसाऐवजी औंसाचा अष्टमांश. काठाजवळ चार-पाच फूट पाण्यात पाव औंस दगडासारखं पडतं, मासा बघेपर्यंत तळाला. म्हणजे बेरीज पंधरा ग्रॅमवर येईल, रॉडला अजून चालेल. ब्रेक एक खूण वर. आणि टिचकी आली की तीनपर्यंत मोजायचं.

8 एप्रिल, सोमवार

आज खग्रास सूर्यग्रहण. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला अंधार झाला, रस्त्यावरचे दिवे लागले. कामाची नोंद नाही. आईने फोन करून काही खाऊ नका म्हणून सांगितलं, तोवर आमचं जेवण झालं होतं.

9 एप्रिल, मंगळवार

पाडवा. सकाळी लक्षात आलं की गुढीची काठी नाही. दरवर्षी ज्यांच्याकडून बांबू आणतो ते घर सोडून गेले. दुकानं उघडायला अवकाश, कडुनिंब मात्र फ्रीजमध्ये तयार.

लेक दाराआडून मोडक्या रॉडचा बुंधा घेऊन आली. पाच फूट, वर तीन कड्या, खाली बुचाची मूठ. मी म्हटलं, अगं, याच्यावर तांब्या बसेल? काट्यावर ठेवला तर 230 ग्रॅम, आणि रॉडवर अजून छापलेलं आहे: पाव ते एक औंस. आठपट. पण फास्ट ॲक्शनच्या रॉडचा वाकणारा भाग वरच्या दोन फुटांत होता, तो पंख्याने कधीच नेला. उरलेला हलला नाही. साडी वरच्या दोन कड्यांतून ओवली, गाठीची माळ तिसऱ्या कडीला. बाल्कनीच्या कठड्याला बांधायला दोरी सापडली नाही म्हणून 15 पौंडी फ्लोरोकार्बन वापरलं.

गाठ लेकीने बांधली. थुंकी न लावता, पाण्याचा हात लावून. आज सण आहे म्हणाली.